तिसऱ्या गाण्याआधीची खुर्ची

तिसऱ्या गाण्याच्या आधी कुणीतरी खुर्ची सरकवतं. दुसरं गाणं संपलेलं असतं, गिटारची शेवटची तार अजून विरत असते आणि तेवढ्यात फरशीवर लाकूड घासल्याचा आवाज येतो. डाव्या कानात, जेमतेम सेकंदभर. मग गाणारी श्वास घेते आणि तिसरं गाणं सुरू होतं.

चार गाण्यांची ईपी, म्हणजे अल्बमहून छोटा गाण्यांचा संच. सगळी मिळून १४ मिनिटं. एक आवाज, एक गिटार, एक बेस म्हणजे खालच्या सुरांची गिटार, आणि शेवटच्या गाण्यात दोघा-तिघांनी धरलेला टाळ्यांचा ठेका. मी ती किती वेळा ऐकली याची मोजदाद नाही, पण आता दुसरं गाणं संपत आलं की माझे कान त्या खुर्चीची वाट बघायला लागतात. मिक्सिंग करणाऱ्याला, म्हणजे मुद्रित आवाज एकत्र जुळवणाऱ्याला, तो आवाज सहज काढून टाकता आला असता. दोन गाण्यांच्या मधला तुकडा तो. कापला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. तो राहिला, म्हणजे तो राहू द्यायचा असं कुणीतरी ठरवलं. कोण उठलं असेल? ऐकता ऐकता कंटाळून बाहेर गेलं असेल का कुणी? बरेच महिने मी तसंच धरून चालले होते.

गाणारीचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्याला कारण आहे, ते पुढे येईलच.

तिच्यापर्यंत मी पोचले ती एका बेसमुळे. भलत्याच एका बँडचं एक सुटं गाणं ऐकत होते. गाणं ठीकच होतं, पण दुसऱ्या कडव्यात बेस अख्खी एक ओळ गप्प बसला, आणि परत आला तो समेवर न येता तिच्या किंचित मागून. त्या एवढ्याशा उशिराने गाण्याची चाल पालटली. सरळ पावलं टाकत चाललेलं गाणं झुलायला लागलं. बेस हे वाद्य बहुतेकांच्या कानांना वेगळं म्हणून ऐकू येत नाही, ते थांबलं की मात्र पायाखालचं काहीतरी गेल्यासारखं होतं. हा वाजवणारा ते पक्कं ओळखून होता. मला त्याचं नाव हवं होतं. गाण्याखालचं वर्णन उघडलं तर अगदी तळाशी तीन नावं होती, त्यात त्याचं. तेवढं नाव घेऊन शोधायला बसले, तर तो आणखी सहा ठिकाणी वाजवताना सापडला. कुणाची दोन गाणी, कुणाचं एक, एका एकांकिकेसाठी केलेलं संगीत, आणि ही चार गाण्यांची ईपी. ती ऐकणारे तेव्हा मोजकेच होते. खाली श्रेयनामावली होती पाच ओळींची, आणि शेवटची ओळ अशी: ध्वनिमुद्रण, मावशीच्या घरची मागची खोली.

ती ओळ वाचली आणि मी हेडफोन चढवले.

नवं संगीत तुला सापडतं कुठे, असं मला पुष्कळ जण विचारतात. खरं उत्तर एवढंच आहे की मी नावं वाचते. गाणाऱ्याचं नाव तर सगळेच वाचतात. मी ड्रम कुणी वाजवले ते बघते, मिक्सिंग कुणी केलं, मास्टरिंग म्हणजे आवाजावरचा शेवटचा हात कुणी फिरवला, कव्हरवरचं चित्र कुणाचं आहे. स्वतंत्रपणे काम करणारे संगीतकार एकटे असतात असं लांबून वाटतं, पण ते एकमेकांच्या आधाराने उभे असतात. याची गिटार त्याच्या गाण्यात, त्याचा माइक हिच्या खोलीत, हिचं चित्र तिसऱ्याच्या कव्हरवर. एक नाव नीट पकडलं की त्याच्या मागे दहा जणांची वाडी उभी असते. कव्हर काढणाऱ्यांवर माझा विशेष भरवसा आहे. चित्रकार मित्राला आपण चित्र मागतो तेव्हा तो आधी गाणं ऐकतो, आणि न आवडलेल्या गाण्यासाठी कुणी रात्र जागून चित्र काढत नाही. एकाच चित्रकाराची कव्हरं असलेल्या चार-पाच ईपी ओळीने ऐकल्या आणि सगळ्याच मनाला लागल्या, असं माझ्या बाबतीत एकदा झालं आहे.

बँडकॅम्प या संगीतकारांची गाणी विकत घ्यायच्या संकेतस्थळावर यासाठी फार सोय आहे. तिथे प्रत्येक ईपीखाली ती विकत घेणाऱ्यांची छोटी छोटी चित्रं दिसतात, आणि त्यातल्या कुणावरही बोट ठेवलं की त्या माणसाने आजवर काय काय घेतलं ते समोर येतं. ज्या गाण्यावर आपला जीव जडला त्याच गाण्यासाठी दुसऱ्या कुणीतरी पदरचे पैसे मोजलेत, मग त्याची उरलेली आवड आपल्याला का बघू नये? अशा तीन अनोळखी माणसांचे संग्रह मी दर महिन्याला बघते. त्यांना माझा पत्ता नाही, मला त्यांचा नाही. शिवाय तिथे गावाच्या नावानेही शोधता येतं. साउंडक्लाउड या गाणी चढवायच्या-ऐकायच्या संकेतस्थळाची गंमत निराळी. तिथे गाण्याच्या लहरीचं चित्र असतं आणि श्रोत्याला आपलं म्हणणं नेमक्या सेकंदावर टाचता येतं. कुठल्याशा अनोळखी गाण्यात एका मिनिटाच्या थोडं पुढे सात-आठ जण एकाच जागी गोळा झालेले दिसले, की मी आधी तेवढीच जागा ऐकत नाही. गाणं पहिल्यापासून लावते आणि ती जागा येईपर्यंत थांबते. बहुतेकदा तिथे आवाज फुटलेला असतो, किंवा गाणारा हसलेला असतो.

‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणून जे आपोआप पुढे येतं, त्याला मी नावं ठेवत नाही. त्यातूनही मला चांगलं मिळालं आहे. पण ते चालतं कसं हे बघितलं की त्याची मर्यादा कळते. ज्यांनी हे गाणं ऐकलं त्यांनी आणखी काय ऐकलं, अशा जोड्यांवर त्याचा बराचसा डोलारा. ज्या गाण्याला अजून चाळीसच श्रोते मिळालेत, त्याच्या जोड्या पडलेल्याच नसतात. माणसांची ये-जा नाही म्हणून पायवाट नाही आणि पायवाट नाही म्हणून ये-जा नाही. तिथवर पहिल्यांदा कुणीतरी गवत तुडवत जावंच लागतं.

नावाचा हा धागा आपल्याकडच्या ध्वनिमुद्रणाइतकाच जुना आहे. १९०२च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गने कोलकात्यात गौहर जान या गायिकेचं गाणं मुद्रित केलं. मुद्रणासाठी मायक्रोफोन तेव्हा नव्हताच. भल्यामोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी उभं राहून गायचं. चकतीवर जागा तीन मिनिटांच्या आसपास. आणि गाणं संपता संपता तिला स्वतःचं नाव उच्चारायचं असे, इंग्रजीत. कारण साधं होतं. मूळ मुद्रण जर्मनीत हॅनोव्हरला जाई, चकत्या तिथे निघत, आणि तिथल्या कारागिरांना कोणती चकती कुणाची हे कळावं कसं? म्हणून गाणाऱ्याने गाण्यातच नाव सांगून ठेवायचं. मी ते मुद्रण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शेवटच्या त्या उच्चाराने अंगावर काटा आला. तान संपली न संपली तोच घाईने, ठसक्यात सांगितलेलं नाव. कारखान्यातल्या माणसासाठी म्हटलेलं ते वाक्य शंभराहून जास्त वर्षांनी माझ्यासारखीच्या कानी पडेल, हे तिच्या ध्यानीमनीही नसेल.

आणि ती तीन मिनिटं! तास-तासभर मांडायचा राग तेवढ्यात बसवायचा. गवयांना ते जाचलं असणार, अनेकांनी त्याला नकारही दिला. पण ज्यांनी ते आव्हान घेतलं त्यांनी त्यातून वेगळंच काही घडवलं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐका. आलापाचे दोन-चार सूर, आणि राग समोर येऊन बसतो. काही कापलंय, उरकलंय असं कुठेही वाटत नाही. थोडक्यात सांगणं आणि अर्धवट सांगणं यांतला फरक मला कुठल्या पुस्तकाने नाही, त्या तबकड्यांनी शिकवला. म्हणून कुणी ईपीला ‘पूर्ण अल्बमआधीची तयारी’ म्हटलं की मला ते पटत नाही.

ईपी हे नावही मापातूनच आलं. १९४८मध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी मोठी एलपी आणली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावणारी. पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरने सात इंचांची, ४५ फेऱ्यांची छोटी चकती काढली, एका बाजूला एक गाणं. मग १९५२मध्ये त्याच सात इंचांत खोबणी जवळजवळ आणून एका बाजूला सात-साडेसात मिनिटं बसवली, आणि झाली एक्स्टेंडेड प्ले. दोन्ही बाजू मिळून चार गाणी. आज चकती नाही, खोबण नाही, जागेची कसली अडचण नाही, तरी ते माप टिकून आहे. आजही साधारण चार ते सहा गाणी आणि अर्ध्या तासाच्या आत, असं असेल तर तिला ईपी म्हणतात.

ते का टिकलं असेल? एक उत्तर खिशात आहे. पदरमोड करून गाणारा माणूस स्टुडिओ घेतो तो एका दिवसासाठी, दोन दिवसांसाठी. मित्र वाजवायला येतात ते सुट्टीच्या दिवशी. एवढ्यात चार गाणी होतात, दहा होत नाहीत. १९७७च्या जानेवारीत मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने घरच्यांकडून, मित्रांकडून उसने पैसे घेऊन ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची ईपी स्वतःच काढली. सुरुवातीला हजार प्रती. चारही गाणी एकाच दिवसात मुद्रित केलेली. मोठ्या कंपनीकडे न जाता स्वतःची चकती स्वतः काढता येते, हे तिच्यामुळे कितीतरी जणांना कळलं. पण मला तिच्यातलं सगळ्यात आवडतं ते तिच्या कव्हरचं मागचं पान. कोणतं गाणं कितव्या प्रयत्नातलं आहे, वरून काय वाजवून चढवलं आहे, ते तिथे छापलं आहे. गाणं कसं बनतं ते झाकून ठेवायचं नाही, उलट वाचणाऱ्याला सांगून टाकायचं, म्हणजे त्यालाही करता येईल. मावशीच्या घरची मागची खोली ही ओळ मी वाचली, तेव्हा मला तेच पान आठवलं होतं.

दुसरं उत्तर कानात आहे, आणि ते मला जास्त खरं वाटतं. चार गाणी एका बैठकीत ऐकून होतात. पहिलं गाणं संपताना ते अजून डोक्यात असतं, तोवर चौथं येतं. त्यामुळे गाणी एकमेकांशी बोलतात. माझ्या त्या ईपीत पहिल्या गाण्यात गिटारवर एक तीन सुरांची उतरती जागा आहे, येऊन जाते, लक्षातही राहत नाही. चौथ्या गाण्यात टाळ्यांचा ठेका थांबतो आणि तेच तीन सूर ती गळ्यातून म्हणते, शब्दांशिवाय. दहा गाण्यांच्या गर्दीत हा धागा माझ्या हातून सुटला असता. आणि तिने हीच चार गाणी दर सहा आठवड्यांनी एक अशी सुटी सोडली असती, तरीही सुटला असता.

सुटं गाणं सोडण्यावर हल्ली फार भर आहे, आणि त्यामागची गणितं मला समजतात. स्पॉटिफायवर एखादं गाणं ३० सेकंद वाजलं की ते एकदा ऐकलं असं धरलं जातं. २०२४पासून तिथे असाही नियम आला की आधीच्या १२ महिन्यांत गाणं किमान १,००० वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्याच्या मुद्रणाचे पैसे हिशेबातच घ्यायचे नाहीत. मग नवखा संगीतकार काय करेल? सुरुवातीची सुरावट छाटेल, ध्रुवपद पुढे ओढेल, चार गाण्यांत लक्ष वाटलं जाण्यापेक्षा एकाच गाण्यामागे सगळी ताकद लावेल. त्याला मी दोष देत नाही. पण ज्यांनी एवढं असूनही चार गाण्यांचा घोस एकत्र बांधून ठेवला, क्रम विचार करून लावला, दोन गाण्यांच्या मध्ये किती शांतता ठेवायची ते ठरवलं, त्यांच्याबद्दल माझ्या मनात फार माया आहे.

म्हणून ऐकायची माझी एक शिस्त आहे. नवी ईपी मिळाली की आठवडाभर रोज एकदा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रम न मोडता. पहिल्या दिवशी मत द्यायचं नाही, स्वतःलाही नाही. ही शिस्त मला एका चुकीने लावली. एका गायकाची तीन गाणी मी पहिल्या अर्ध्या मिनिटात बाजूला ठेवली होती. आवाज बेसूर वाटला होता मला. वर्षभराने तीच गाणी एका मैत्रिणीच्या घरी लागली होती. मी स्वयंपाकघरात होते, शब्द नीट ऐकू येत नव्हते, फक्त चाल येत होती भिंतीपलीकडून. तेव्हा कळलं की तो बेसूर नाही, तो सुराच्या खालून वर येतो, दर ओळीला, मुद्दाम. जिना चढून आल्यासारखा. ते ओळखायला तीस सेकंद पुरणार नव्हती, मला एक वर्ष आणि एक भिंत लागली.

आणखी एक सांगायचं तर, लहान प्रकाशनं ऐकताना साफसफाईचा आग्रह सोडावा. टेपचा खरखरता पडदा, शेजारच्या खोलीतलं दार, माइकच्या फार जवळ उच्चारलेल्या ‘प’चा फटका. १९७९मध्ये टॅस्कॅमने पोर्टास्टुडिओ आणला, साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे ट्रॅक मुद्रित करणारं यंत्र, आणि तेव्हापासून घरात गाणं बनवणं कितीतरी सोपं झालं. घरात बनलेल्या गाण्यात घर येणारच. मला ते दोष वाटत नाहीत. ते गाण्याचे पत्ते आहेत.

पत्ता म्हटलं की स्थानिक हा शब्द येतो, आणि त्याबद्दल थोडं थांबून लिहायला हवं. स्थानिक संगीतकार म्हणजे ज्याला आपण गाताना बघू शकतो, आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यात ओळख देऊ शकतो. बस, एवढंच. त्याचं संगीत लहान असतं असं नाही. मोठ्या कार्यक्रमात सगळ्यात आधी जो गातो, लोक अजून जागा शोधत असतात, गप्पा चालू असतात, ध्वनियंत्रणा नीट बसलेली नसते, तो बहुतेकदा तिथलाच असतो. मी वेळेवर जाते ती त्याच्यासाठी. कार्यक्रम संपल्यावर दाराजवळ एक टेबल असतं, त्यावर पुठ्ठ्याच्या खोक्यात कॅसेटी, सीड्या, नाहीतर क्यूआर कोड छापलेली कार्डं. त्या टेबलामागे बऱ्याचदा तोच उभा असतो, घामाने भिजलेला, अजून मंचावरून पुरता न उतरलेला. एकदा अशीच एक सीडी घेतली. कव्हर हाताने दुमडलेलं, गाण्यांची नावं पेनाने लिहिलेली, आणि तिसऱ्या नावावर काट मारून वर नवं नाव. मी विचारलं, “नाव का बदललंत?” तो म्हणाला, “काल रात्री गाताना कळलं की गाणं तिच्याबद्दल नाहीये, माझ्याबद्दल आहे.” प्रत्येक प्रतीवर त्याने ती काट हाताने मारली होती. ती सीडी माझ्याकडे आहे, आणि ते खोडलेलं नाव अजून वाचता येतं.

अशी अनोळखी पाकिटं उघडण्यात आयुष्य घालवणारीही माणसं झाली आहेत. जॉन पील १९६७पासून २००४मध्ये जाईपर्यंत बीबीसी रेडिओ वनवर होता. ज्यांचं नाव कुणी ऐकलेलं नाही अशांच्या टेपा, छोट्या चकत्या तो लावायचा, आणि बँडना बोलावून सत्रं मुद्रित करायचा, एकेका सत्रात बहुधा चार गाणी. पुन्हा तेच माप. हजारो सत्रं झाली त्याची. एका माणसाच्या कानांच्या चिकाटीवर किती जण उभे राहिले हे बघितलं, की शोधणाऱ्याचं कामही संगीतातलंच काम आहे याची खात्री पटते.

पण सापडलेलं टिकतं कुठे?

२०१९मध्ये मायस्पेस या जुन्या समाजमाध्यमाने कबूल केलं की सर्व्हर बदलताना जुनं सगळं गेलं. बारा वर्षांत लोकांनी चढवलेलं संगीत, पाच कोटींहून जास्त गाणी असावीत असा अंदाज तेव्हा छापून आला होता. मोठ्या नावांचं फार बिघडलं नाही, त्यांची गाणी इतरत्र होती. गेली ती नवख्यांच्या पहिल्या डेमोंची, कच्च्या मुद्रणांची पिढी. कुणा अभ्यासकांनी आधीच्या काळात संशोधनासाठी उतरवून ठेवलेली ४ लाख ९० हजार गाणी पुढे इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहालयात आली, तेवढी वाचली. त्यातली काही मी ऐकली. फायलींची नावं म्हणजे नुसती आकड्यांची रांग, कित्येकांना गाणाऱ्याचं नावही नाही. तेव्हा मला गौहर जानच्या त्या शेवटच्या वाक्याची किंमत कळली.

त्यानंतर मी विकत मिळणारी प्रत्येक आवडती ईपी विकत घ्यायला लागले आणि फाइल उतरवून ठेवायला लागले. श्रेयनामावली सोबत एका वहीत उतरवते, हाताने. बँडकॅम्पवर डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के त्यांचे, पैसे चुकते करण्याचा खर्च वेगळा, बाकीचे गाणाऱ्याचे. २०२०च्या मार्चमध्ये साथीने सगळे कार्यक्रम बंद पाडले तेव्हा त्यांनी २० तारखेच्या शुक्रवारी आपला वाटा सोडून दिला, आणि पुढे असे शुक्रवार वारंवार येत राहिले. त्या दिवसांत मी जे घेतलं त्यातच ती १४ मिनिटं होती.

बरं झालं घेतली. कारण पुढच्या वर्षी एका संध्याकाळी मी कुणाला तरी तिची लिंक पाठवायला गेले, आणि ती ईपी जागेवर नव्हती. नाव टाकलं, काही नाही. बेसवाल्याच्या यादीतूनही गायब. मी घाबरलेच. माझ्याकडची फाइल उघडून बघितली, होती. मग बेसवाल्याला दोन ओळी लिहिल्या, त्याने तिचा पत्ता दिला आणि मी तिला पत्र लिहिलं, लांबलचक. पहिल्या गाण्यातले तीन सूर चौथ्यात येतात ते लिहिलं. दुसऱ्या गाण्यातला एक शब्द कुठल्याच कोशात सापडत नाही तो विचारला. आणि शेवटी विचारलं, तिसऱ्या गाण्याआधी खुर्ची कुणाची सरकते?

उत्तर यायला पंधरा दिवस लागले. ‘ताई’ अशी सुरुवात होती. ईपी तिनेच काढून टाकली होती. आता ती दुसऱ्या नावाने, दुसऱ्या पद्धतीचं संगीत करते, आणि जुना आवाज लोकांनी जुन्या नावाने शोधत येऊ नये असं तिला वाटतं. ‘तुमच्याकडे आहे ती असू द्या, खुशाल ऐका, पण नाव कुठे लिहू नका.’ मी शब्द दिला. इतकी वर्षं मी नावांचा माग काढत आले, आणि हे एक नाव माझ्याजवळ ठेवायचं आहे. ते मला जड जात नाही. वहीत त्या पानावर पाचही ओळी आहेत आणि पान माझं आहे.

तो शब्द तिच्या घरातला निघाला. लहानपणी बहिणींनी बनवलेला, दुपारी सगळे झोपल्यावर घरात जी शांतता होते तिच्यासाठीचा.

आणि खुर्ची मावशीची. गाणी मुद्रित करायला तिने मागची खोली दिली, पंखा बंद ठेवायला कबूल झाली आणि म्हणाली, “मी कोपऱ्यात बसेन, आवाज करणार नाही.” श्रेयनामावलीत तिचं नाव घालायचं ठरलं होतं, ती नको म्हणाली, म्हणून नुसतं मावशी. पहिली दोन गाणी ती दाराजवळ बसून होती. ‘दुसरं संपल्यावर तिने खुर्ची पुढे ओढली,’ गाणारीने लिहिलं होतं. ‘मिक्सिंग करताना मित्र म्हणाला, हे काढू या. मी म्हटलं, ते राहू दे, तिथे मला कळलं की गाणं चांगलं होतंय.’

पत्र वाचून झाल्यावर मी दुसऱ्या गाण्याच्या शेवटापासून पुन्हा लावलं. तार विरत गेली. डाव्या कानात, लांबून सुरू झालेला लाकडाचा आवाज जवळ येऊन थांबला.